सव्वाआठची ज्योत

रत्नप्रभाबाई सामंतांचा दिवस दोन ज्योतींनी सुरू व्हायचा. पहिली देवघरातली समई. ती लावून, पोथीचा एक अध्याय वाचून, लेखी जपाच्या वहीत एकशे आठ वेळा नाम लिहून त्या घराबाहेर पडायच्या, पाण्याचा घोटही न घेता. दुसरी ज्योत कामावर. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीपासून शेअर रिक्षा, पुढे खाडीकडे उतरणारा मुरमाड रस्ता, दोन्ही अंगांना तिवरं, आणि शेवटी मैलापाणी केंद्राचं निळं फाटक. आत शिरलं की उजव्या हाताला गाळाची मोठी बंद टाकी. तिचं छप्पर गोल, म्हणून सगळे तिला घुमट म्हणत. घुमटात मैल्याचा गाळ कुजायचा, त्यातून वायू निघायचा, आणि तो वायू पाइपातून पलीकडच्या तीस फुटी लोखंडी धुरांड्यात जाऊन टोकाशी जळायचा. कागदोपत्री त्या धुरांड्याला इंग्रजी नाव होतं. केंद्रात ती नुसती मशाल.

सव्वाआठ वाजता रत्नप्रभाबाई चपला काढायच्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायच्या आणि मशालीला हात जोडायच्या. मग प्रयोगशाळेत जाऊन दिवसाचं पहिलं पाणी. अग्नीचं दर्शन झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. यजमान गेले त्या वर्षी धरलेला, त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

ऑफिसातली पोरं सुरुवातीला हसली. "सामंतबाई मैल्याच्या गॅसला नमस्कार करतात." बाई हळूच म्हणाल्या, "अग्नी तो अग्नी रे. त्याने काय खाल्लं ते आपण कशाला विचारायचं?" पुढे कोणी हसेनासं झालं. उलट कोणाची परीक्षा असली, कोणाच्या घरी आजारपण असलं, तर बाईंच्या मागे उभं राहून तोही हात जोडून जायचा.

नेम मोडायची वेळ एकदाच आली होती. गेल्या वर्षीचा पहिला श्रावणी सोमवार. बाई फाटकातून आत आल्या आणि बघतात तर मशाल काळी. उपास होताच, त्यात पाणी नाही. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, कामाला लागल्या. दुपारी तीनला जिना उतरताना डोळ्यांसमोर अंधारी आली आणि त्या पायरीवरच बसल्या. धोंडू गावडेने बघितलं. धोंडू म्हणजे घुमटाकडचा जुना माणूस. मालवणकडचा, पन्नाशीचा, हाताने सगळं दुरुस्त करणारा. तो पाणी घेऊन धावत आला. बाईंनी मान हलवली. "ज्योत नाही ना रे."

चार वाजता ज्योत लागली. बाई पाणी प्यायल्या. त्या दिवसानंतर ती एकही सकाळ चुकली नाही. इतकंच नव्हे, तर तिचं रूपही पालटलं. आधी ती फडफडायची, भुसभुस आवाज करायची, वाऱ्याने आडवी व्हायची. आता ती लहानशी, निळसर, समईच्या वातीसारखी स्थिर असायची. बाईंनी ते मनात ठेवलं. कोणाकडे बोलल्या नाहीत, पण त्यांना वाटलं, आपला नेम पावला.

यंदाच्या पितृपक्षातल्या मंगळवारी, म्हणजे चारशे दिवसांनी, गार्गी आली.

गार्गी मुख्य कार्यालयातली इंजिनियर, सत्तावीस-अठ्ठावीसची, पाठीवर बॅग आणि हातात व्हिडिओ कॅमेऱ्यासारखं एक जड यंत्र. कंपनी दर वर्षी हवेत काय सोडलं याचा अहवाल छापायची. यंदा तो बाहेरच्या तपासनिसांपुढे जाणार होता, म्हणून केंद्राकेंद्रावर जाऊन आकडे पडताळायचं काम तिच्याकडे आलं होतं. ती प्रयोगशाळेत आली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

रत्नप्रभाबाईंनी वही पुढे ठेवली. नऊ वर्षांच्या वह्या एकाच अक्षरात. डावीकडे तारीख, मग मीटरवरून उतरवलेला वायूचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द. मशाल: चालू.

गार्गीने पानं उलटली. "किती नीट ठेवलंय मॅडम. आमच्या बाकीच्या केंद्रांवर तर डोसा खाऊन हात पुसलेत वह्यांना."

बाई हसल्या. "रोजचं रोज लिहिलं की नीट राहतं."

"या शेवटच्या रकान्याचं काय होतं, माहितीये ना?"

"चालू-बंद लिहायचं."

"हो, पण पुढे?" गार्गी खुर्ची ओढून बसली. "वायूतला निम्म्याहून जास्त भाग मिथेन. तो जळला तर जे उरतं ते आपण हिशेबातच धरत नाही. अन्नातून आलं, झाडं परत घेतील. शंभरातले दोन भाग जळायचे राहतात, तेवढेच मोजतो. पण मशाल बंद असेल आणि मिथेन तसाच सुटला, तर एका किलोला कार्बन डायऑक्साइडचे अठ्ठावीस किलो धरायचे. म्हणजे तुम्ही इथे 'चालू' लिहिलंत तर दिवसाचं खातं पाव-अर्ध्या टनात मिटतं, आणि 'बंद' लिहिलंत तर साडेसतरा टन. तुमच्या एका शब्दावर उभं आहे सगळं."

रत्नप्रभाबाईंना हे ठाऊक होतं आणि नव्हतंही. रकाना भरायचा हे ठाऊक होतं. त्यावर एवढं वजन टांगलेलं असेल हे कधी मनात आलं नव्हतं. तरी त्यांना बरंच वाटलं. आपण रोज डोळ्यांनी बघून लिहितो, न बघता कधी लिहिलं नाही.

"चला, कॅमेऱ्यातून बघू," गार्गी म्हणाली. "हा वायू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, यात दिसतो. कुठे बारीकसारीक गळती असली तर कळेल."

दोघी घुमटाच्या पायथ्याशी आल्या. ऊन लख्ख पडलं होतं. बाईंनी सवयीने मशालीकडे बघितलं. उन्हात ज्योत तशीही दिसत नाही. प्रयोगशाळेची खिडकी तर दुसऱ्या बाजूला.

गार्गीने यंत्र डोळ्याला लावलं. मशालीवर धरलं. खाली आणलं, पुसलं, परत लावलं.

"मॅडम, मशाल बंद आहे का आज?"

"नाही गं. सव्वाआठला बघितली ना मी. चालू आहे."

"धुरांडं थंड आहे."

"असं कसं? उन्हात दिसत नसेल."

"यात उष्णता दिसते, काकू." मॅडमची काकू कधी झाली ते तिलाही कळलं नाही. तिने कॅमेरा हळूहळू घुमटावरून फिरवला, आणि छपरावरच्या सेफ्टीपाशी, म्हणजे दाब वाढला की आपोआप उघडणाऱ्या झडपेपाशी, तिचा हात थांबला. 

"इकडे या. बघा."

रत्नप्रभाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून आत बघितलं.

आभाळ होतं. घुमटाची कड होती. छपरावरचा कठडा होता. आणि त्या कठड्याच्या आतून, जिथे नुसत्या डोळ्यांना स्वच्छ निळं आभाळ दिसत होतं, तिथून काळ्या धुराचा जाडजूड लोट वर चालला होता. थांबत नव्हता. वळत, फुगत, एकातून एक निघत खाडीच्या दिशेने वाहत होता. बाईंनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. निळं आभाळ. एक बगळा शांत उडत गेला, त्या लोटातूनच. परत डोळा लावला. काळा लोट.

"हे... हे काय आहे?"

"तुमचा वायू. सगळाच्या सगळा. मीटर सेफ्टीच्या अलीकडे आहे, म्हणून आकडा दिसतो, पण वायू मशालीपर्यंत पोचतच नाहीये. मध्येच पाइप तुंबला असणार. दाब वाढतो, सेफ्टी उघडते."

 बाईंना वायूचा, टनांचा विचार सुचला नाही. त्यांना दिसला गेल्या दसऱ्याचा पाट. दसऱ्याला यंत्रांची पूजा असते, केंद्रातली सगळी माणसं घुमटाच्या छपरावर जमतात. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. आरती दर वर्षी बाईंच्या हातची. गेल्या वर्षी त्यांनी पाट मांडला होता तो त्याच कठड्याच्या आत, सेफ्टीपासून दहा पावलांवर. तबकात कापूर पेटवला होता. वारा होता म्हणून दोघांनी पंचा धरून आडोसा केला होता. बायका-मुलं मिळून तीस-पस्तीस माणसं टाळ्या वाजवत होती.

"गेल्या दसऱ्याला..." त्या छपराकडे बघत म्हणाल्या. 

"काय?"

"वर कापूर पेटवला होता आम्ही."

गार्गीने त्यांच्याकडे बघितलं.  "वारा खाडीकडे असेल," ती कशीबशी म्हणाली. "नशीब, काकू. नुसतं नशीब."

पाच मिनिटांनी मशालीच्या बुंध्याशी, पत्र्याच्या आडोशामागे, त्यांना सिलिंडर सापडला. कॅन्टीनमधला, लाल रंगाचा. त्याला जोडलेली रबरी नळी धुरांड्यालगत वर गेली होती, थेट टोकाच्या बारक्या बर्नरपर्यंत. सिलिंडरवर गोणपाट पांघरलेलं. शेजारी काडेपेटी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली, आणि टोकाला बोळा बांधलेला लांब बांबू.

"हे कोणी लावलं?" गार्गीने विचारलं.

धोंडू मागे येऊन उभा होता. टोपी हातात.

"मीच लावलंय."

"कशासाठी?"

तो गार्गीशी बोललाच नाही. तो रत्नप्रभाबाईंकडे वळला, पण नजर जमिनीवर.

"तुमी पाणी नाय पियत म्हणान, ताई."

 सेफ्टीची शीळ तेवढी येत होती, बारीक, सापासारखी. ही शीळ गेलं वर्षभर कानांवर पडत होती आणि सगळे तिला पंपाचा आवाज समजत होते.

"त्या सोमवारी तुमी पायरीर बसलात," धोंडू सांगू लागला. "पायपात पाणी भरलाहा, मशाल पेटणा नाय. तुमचो जीव जाताहा आणि मी काय बघत रवू? कॅन्टीनचो सिलिंडर आणलंय, लावलंय. म्हटलंय, ह्या बायचो नेम चुकूक देवचो नाय. मगे सायबांका सांगलंय. एकदा नाय, तीनदा. म्हणाले, बघूया. कोण बघूक नाय. मगे मी रोज आठाक लावतंय, नवाक बंद करतंय. सिलिंडर लय दिवस जाता तसो."

"आणि वायू? वायू कुठे जातो ते माहीत होतं तुम्हाला?" गार्गीचा आवाज चढला.

"वर जाता. हवेत. दिसणा नाय काय." धोंडूने टोपी पिरगाळली. "इतको वायट असतलो, ह्या माका कोणी सांगूक नाय."

रत्नप्रभाबाई खाली बसल्या, तिथेच, मातीत. रोज सव्वाआठला एक माणूस बांबूने गॅसची बत्ती लावत होता आणि त्या तिला हात जोडत होत्या. ती स्थिर होती कारण ती घुमटाची नव्हतीच. आणि तिच्याकडे बघून, समाधानाने, सुंदर अक्षरात त्यांनी चारशे वेळा लिहिलं होतं: चालू.

गार्गीने फोनवर हिशेब केला. दिवसाला पंधराशे घनमीटर वायू, त्यातला मिथेन, अठ्ठावीसने गुणून, चारशे दिवस. "सात हजार टन," ती म्हणाली. "आणि अहवालाच्या मसुद्यात या दिवसांचे आहेत एकशे चाळीस."

* * *

दुपारी जयवंत साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. जयवंत साहेब केंद्राचे व्यवस्थापक. माणूस तसा वाईट नव्हे. बाईंच्या यजमानांच्या वेळी रक्त द्यायला स्वतः आले होते. पण 'बघूया' हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा असायचा.

"बसा बाई. चहा?"

"नको साहेब."

"पोरगी गेली?"

"गेली. म्हणाली, आजचं तिने कॅमेऱ्यात बघितलं, ते ती लिहील. मागच्या दिवसांचं माझ्या वहीवर जाणार. मला काय म्हणायचंय ते उद्या बारापर्यंत लेखी मागितलंय."

"तेच." साहेबांनी छापलेला कागद पुढे सरकवला. "मी तयारच करून ठेवलंय. वाचा."

बाईंनी वाचलं. धोंडू गावडे या कामगाराने कोणाचीही परवानगी न घेता मशालीस सिलिंडर जोडला. त्यायोगे मशाल चालू असल्याचा खोटा देखावा निर्माण केला. नोंदवही ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांची दिशाभूल झाली. सदर बाब मंगळवारी तपासणीत उघड झाली.

"यात एक तरी शब्द खोटा आहे का?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी परत वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. त्यांना त्याचीच धडकी भरली.

"मागच्या दिवसांचं काय लिहायचं साहेब?"

"मागचं कोणी बघितलंय? कॅमेरा आजचा. आजचे सतरा टन लिहू, चुकलं म्हणू, माफी मागू. तुमच्या वहीत चालू आहे ते चालू राहू द्या. तुम्ही जे डोळ्यांनी बघितलंत ते लिहिलंत ना?"

"हो."

"झालं तर मग. तुमच्यावर काही येत नाही."

"आणि धोंडू?"

साहेबांनी पेपरवेट फिरवला. "सिलिंडर त्याने लावला, बाई. मी नाही लावला, तुम्ही नाही लावला. कंत्राटी माणूस आहे, उद्यापासून येणार नाही. दुसरीकडे लागेल कुठेतरी."

"त्याने तीनदा सांगितलं होतं तुम्हाला. पाइपाचं."

"तोंडी." साहेब हळूच म्हणाले. "तोंडी सांगितलेलं कशातच धरत नाहीत. उद्या बाराच्या आत सही करून द्या."

* * *

संध्याकाळी घरी बाईंची मुलगी दिशा मालाडच्या ऑफिसातून लवकर आली होती. आई देवघरापुढे बसलीये, समई लावलेली नाही, मांडीवर जपाची वही उघडी आणि वहीत नामाच्या जागी आकडे, हे बघून ती चपलांसकट आत आली.

"आई, काय झालं गं? हे काय लिहितेयस, गुणाकार?"

बाईंनी सगळं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच खालचा.

"थांब थांब. म्हणजे तू वर्षभर कॅन्टीनच्या सिलिंडरला नमस्कार करत होतीस?" दिशाला फस्सकन हसू आलं. आईचा चेहरा बघून ते तिथल्या तिथे विझलं. "सॉरी. सॉरी गं."

"चारशे दिवस," बाई म्हणाल्या. "आणि मला वाटत होतं, माझा नेम पावला."

"बरं, मग सही कर ना. त्याने तुला फसवलं की नाही?"

"फसवलं."

"मग?"

"माझ्यासाठी फसवलं."

"म्हणून काय झालं यार? कापूर पेटवला होतात तुम्ही तिथे! मी पण आले होते आई गेल्या दसऱ्याला, पेढे खाल्ले मी तिथे उभी राहून. वाट लागली असती सगळ्यांची." तिचा आवाज फुटला. "त्याला काढतीलच. काढायलाच पाहिजे."

"त्याने पाइप तुंबल्याचं तीनदा सांगितलं. मी किती वेळा विचारलं, ज्योत एवढी लहान का झाली? मला दिसत होतं ना. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. पंधराशे घनमीटर वायू जळतो आणि ज्योत वातीएवढी? पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं मला. मी विचारलं नाही, कारण मला ती तशीच आवडली."

दिशा आईशेजारी टेकली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू खरं लिहिलंस तर तुलाही काढतील."

"काढतील."

"आणि तरी धोंडू वाचेलच असं नाही."

"नाही वाचणार कदाचित."

"मग उपयोग काय?"

बाईंनी काडेपेटी घेतली, समई लावली. वात आधी धरेना, मग धरली. त्या ज्योतीकडे त्यांनी नीट निरखून बघितलं, तेल किती आहे, वात कुठवर आहे, आणि मगच हात जोडले.

"सात हजार टन वर गेलेत गं," त्या म्हणाल्या. "ते गेले म्हणून कोणीतरी लिहायला हवं."

* * *

दुसऱ्या दिवशी बाई साडेसातलाच केंद्रावर पोचल्या. मशाल काळी होती. बाईंनी पाणी घेतलं नाही.

प्रयोगशाळेत बसून त्यांनी वही उघडली, गेल्या वर्षीच्या पहिल्या श्रावणी सोमवारच्या पानावर. लाल पेनने 'चालू' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, इतकी बारीक की खालचं वाचता यावं. वर लिहिलं, बंद. शेजारी सही, आजची तारीख. मग मंगळवार. मग बुधवार. गोकुळाष्टमी, गणपती, दसरा. दसऱ्याच्या ओळीवर पेन जरासं अडलं. दिवाळी. यजमानांच्या श्राद्धाचा दिवस. त्या दिवशी त्यांनी ज्योतीला दोनदा नमस्कार केला होता. बंद. संक्रांत, होळी, पाडवा. बंद, बंद, बंद. हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी बोटं चोळली आणि पुढे लिहिलं. चारशेवी रेघ मारली तेव्हा सव्वाअकरा झाले होते आणि ओठांना कोरड पडली होती.

मग कोरा कागद घेतला. साहेबांचा कागद शेजारीच होता, त्याच्यावर सही नव्हती. बाईंनी लिहिलं:

"मी रोज ज्योत पाहत होते. वायू जळतो आहे की नाही हे पाहणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. ज्योत बदललेली मला दिसली होती. मी चौकशी केली नाही. सिलिंडर धोंडू गावडे यांनी लावला, तो मी पाण्याविना राहू नये म्हणून. त्यांचं चुकलं. पाइपात पाणी भरल्याचं त्यांनी तीनदा सांगितलं होतं. त्याची नोंद घ्यायला कोणाच्याच वहीत रकाना नव्हता. चारशे दिवसांच्या नोंदी मी दुरुस्त केल्या आहेत. सुटलेल्या वायूचा भार अंदाजे सात हजार टन. यंदा घुमटावर आरती करू नये."

त्या कागदाचा फोटो गार्गीला पाठवला, आणि मूळ कागद व वही घेऊन त्या केबिनमध्ये गेल्या.

जयवंत साहेबांनी वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर दहा-बारा. सगळीकडे लाल. त्यांचा चष्मा नाकावर घसरला तो त्यांनी सारखाही केला नाही.

"बाई! हे काय केलंत?"

"दुरुस्ती."

"सात हजार? अहो, सात हजार असं कोणी आपल्या हाताने लिहितं का? मुख्य कार्यालयाला काय वाटेल, आम्ही वर्षभर झोपलो होतो?"

"झोपलोच होतो साहेब."

सामंतबाईंना साहेबांशी असं बोलताना कधी कोणी ऐकलं नव्हतं, साहेबांनीही नाही. ते खुर्चीत मागे टेकले. वहीवर तळहात ठेवला. "ही वही आता माझ्याकडे राहील," ते शेवटी म्हणाले. "पुढचं मुख्य कार्यालय बघेल. तुमचंही आणि त्याचंही. तोपर्यंत नोंदी दुसरं कोणीतरी ठेवेल." मग फोन उचलताना, बाईंकडे न बघता, "तो धोंडू आहे का खाली? पाइप त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे इथे? राहू दे त्याला आज."

दुपारभर पाइपाचं काम चाललं. वायू तोडून, दोन माणसं सोबत घेऊन, धोंडूने सगळ्यात खोलगट भागातला, साचलेलं पाणी सोडायचा गंजलेला कॉक रॉकेल घालून घालून सोडवला. तो सुटला तसं काळं पाणी भसाभसा बाहेर पडलं. धोंडू बादल्या मोजत होता. अकरा. अकरा बादल्या पाणी आणि एक अडकलेला कॉक, बस. रत्नप्रभाबाई पायरीवर बसून बघत होत्या. ती तीच पायरी. अकरा बादल्या, त्या मनात म्हणाल्या, आणि सात हजार टन. हे दोन आकडे कितीही शेजारी ठेवले तरी डोक्यात एकत्र बसेनात.

पाच वाजून दहा मिनिटांनी वायू सोडला. धोंडूने लांब बांबूचा बोळा वर धरला.

धडाड् असा आवाज झाला. धुरांड्याच्या टोकातून माणूसभर उंच ज्वाला उसळली, पिवळी, लालभडक, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, भुसभुस करत आभाळाला चाटू लागली. पायरीवरच्या रत्नप्रभाबाई दचकून मागे सरकल्या. चारशे दिवसांत त्या हे रूप विसरून गेल्या होत्या. हात जोडायचंही भान राहिलं नाही, ते छातीशी आवळलेलेच राहिले.

धोंडू स्टीलचा ग्लास घेऊन आला. कपाळापासून पायापर्यंत काळा झाला होता.

"घ्या ताई. आता खरो हा. उद्या माका येवक देतीत काय नाय, म्हायत नाय. आज पिया."

बाईंनी ग्लास हातात घेतला. तोंडाशी नेला. आणि थांबल्या.

"धोंडू, आधी मीटर बघ. किती आहे?"

 तो वळला आणि मीटरकडे धावत सुटला. तिथून ओरडून त्याने आकडा सांगितला, एकेक अंक सुटा करून.

"आणि सेफ्टी?"

धोंडू शिडीवरून अर्धा वर चढला, कान दिला. "गप हा! शीळ नाय!"

नोंदवही साहेबांच्या कपाटात होती. बाईंनी पिशवीतून जपाची वही काढली. सकाळच्या एकशे आठ नामांच्या खाली, त्याच अक्षरात, तारीख लिहिली, आकडा लिहिला, आणि पुढे: मशाल चालू, सेफ्टी बंद, दोन्ही पाहिलं.

मग त्या पाणी प्यायल्या.